आधी ओटा, मग हॉल

दुपारची भांडी आटोपली असतील. कुणी बांधावर रेडिओ लावून बसली असेल, कुणी शिलाई मशीनवर असेल. हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढे आमच्याकडे द्या. आम्ही तुमच्यातल्याच, बचत गटातल्या चौघीजणी. आज आपण घराच्या सजावटीबद्दल बोलणार आहोत.

विषय ऐकून काहीजणी हसल्या असतील. माणदेशात पाण्याचा टँकर कधी येतोय याची वाट बघायची, आणि या बाया सजावटीच्या गप्पा मारतायत! पण खरं सांगा, गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या गावात किती घरांना स्लॅब पडला? आणि स्लॅब पडल्यावर पहिली चर्चा कशाची झाली? पीओपी करायचं का, टीव्हीच्या मागच्या भिंतीला पॅनेल लावायचं का, एलईडीची पट्टी निळी लावायची की पिवळी. मोबाईल उघडला की घरंच घरं दिसतात. बघून आपल्यालाही वाटतं, आपलं घर असं का नको? वाटलं तर त्यात चूक काहीच नाही. आपल्या आज्यासुद्धा शेणानं सारवून झालं की कडेनं पांढऱ्या मातीची रेघ ओढायच्या, दिवाळीला भिंतीला गेरू लावायच्या. हौसेला मोल नाही म्हणतात. पण मैत्रिणींनो, मोल नसलं तरी हप्ता असतो. तो कसा भरावा लागतो, हे आम्ही जवळून पाहिलं. तेच आधी सांगतो.

आमच्या गटातल्या एका मैत्रिणीनं घरासाठी कर्ज मागितलं, 80,000 रुपये. अर्जावर लिहिलं होतं, घरदुरुस्ती. आम्ही चौघींनी सह्या केल्या. दिवाळीत तिच्याकडं फराळाला गेलो तर हॉल ओळखू येईना. वरती पीओपी, त्यात चौदा छोटे दिवे, टीव्हीला लाकडी युनिट, खाली आरसा दिसेल अशी चकचकीत फरशी. आम्ही कौतुक केलं, फोटो काढले. ती चहा आणायला आत गेली. तिला मदत करायला आमच्यातली एक मागोमाग गेली. आत एक पिवळा बल्ब, ओट्याखाली सांडपाण्याची बादली, आणि आमची मैत्रीण चहा गाळताना चक्क पाटावर उभी. ओटा गवंड्यानं त्याच्या उंचीनं बांधलेला. नऊ वर्षं ती पाटावर उभी राहून स्वयंपाक करत होती. आम्ही ते पाहिलं, आणि चहा पिऊन घरी आलो.

पुढच्या पावसाळ्यात एका रात्री तिच्या सासूबाई न्हाणीकडं जायला उठल्या. नवी फरशी आतल्या वाटेपर्यंत आली होती. वाटेवर दिवा नव्हता, आणि दारातून पावसाचं पाणी आत आलं होतं. त्या घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आता वॉकर घेऊन चालतात. दवाखान्याचा खर्च एकीकडं, आमच्या कर्जाचे हप्ते दुसरीकडं. ती गटाच्या बैठकीत एवढंच म्हणाली, "हॉलात चौदा दिवं लावलं गं, आन् आत्याबाईंच्या वाटेवर एक नाय लावला."

तिला विचारूनच हे आज रेडिओवर सांगतोय. ती म्हणाली, सांगा, दुसरीचं तरी टळंल. पण यात आमचाही वाटा आहे. कर्ज कशासाठी हवं, एवढंच आम्ही विचारलं. घरात कोण कोण आहे, कोण कुठं वावरतं, हे विचारलंच नाही. तेव्हापासून गटानं एक ठरवलं. घरासाठी कर्ज मागितलं की आम्ही दोघीजणी हातात टेप घेऊन त्या घरी जातो. हॉलमध्ये बसत नाही. सरळ आत जातो, ओट्यापाशी उभ्या राहतो, न्हाणीत जातो, गच्चीवर जातो. आणि घरातल्या बाईला विचारतो, दिवसातले किती तास कुठल्या खोलीत जातात? बहुतेकींचं उत्तर एकच असतं. सकाळी तीन तास ओट्यापाशी, संध्याकाळी तीन तास ओट्यापाशी. हॉलमध्ये किती? टीव्हीवरची एक मालिका, तीही भाजी निवडत. मग आधी पैसा कुठं लागला पाहिजे, ते सांगावं लागत नाही.

तर चला, एकेक खोली बघू या. सुरुवात स्वयंपाकघरापासून.

ओटा बांधण्याआधी एक माप घ्या. घरात वावरता तशा सरळ उभ्या राहा आणि हात कोपरात काटकोनात वाकवा. जमिनीपासून कोपरापर्यंत किती भरतं ते मोजा, आणि त्यातून चार-पाच इंच, म्हणजे बंद मुठीहून थोडं जास्त, कमी करा. ती तुमच्या ओट्याची उंची. पाच फुटांच्या बाईला साधारण 32 ते 33 इंच लागते. आता यावर शेगडी ठेवली, शेगडीवर मोठं पातेलं ठेवलं, की ढवळायला हात खांद्यापर्यंत जातो. म्हणून जमत असेल तर शेगडीचा भाग तीन-चार इंच खाली घ्या. ओट्याची रुंदी दोन फूट पुरते. त्याहून जास्त केली तर मागच्या डब्यापर्यंत हात पुरत नाही आणि तिथं झुरळांचं राज्य होतं.

भाकरीचं काय? मोबाईलवरच्या कुठल्याच मॉड्युलर किचनमध्ये भाकरी थापायची सोय दिसत नाही. आपल्याला तर रोज पाच-सहा जणांच्या भाकरी करायच्या. ज्यांना खाली बसून थापायची सवय आहे, त्यांनी शेगडीसाठी एक ठेंगणी जागा मोकळी ठेवावी. ज्यांचे गुडघे दुखतात, त्यांनी परातीसाठी ओट्याचा एक तुकडा आणखी थोडा खाली घ्यावा. थापताना हातावर जोर द्यावा लागतो. ओटा उंच असला की तो जोर खांद्यावर येतो.

मॉड्युलर किचन हा शब्द आता आपल्या गावातल्या सुतारालाही माहीत झालाय. त्याचं मूळ मात्र कष्टकऱ्यांच्या घरात आहे. जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात 1926 साली मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की नावाच्या वास्तुविशारद बाईंनी कामगारांच्या वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर तयार केलं. साधारण सव्वासहा फूट रुंद आणि सव्वाअकरा फूट लांब, एवढंच. आगगाडीच्या डब्यातलं स्वयंपाकघर केवढ्याशा जागेत किती माणसांचं जेवण करतं, याचा त्यांनी अभ्यास केला. बाईची पावलं कमी कशी पडतील याचा हिशोब केला. खिडकीपाशी कापायची जागा, बसून काम करता यावं म्हणून स्टूल, तांदूळ-साखर यांचे नावं घातलेले ॲल्युमिनियमचे डबे. अशी साधारण 10,000 स्वयंपाकघरं त्या शहरात बसवली गेली. चकचकीत दारं आणि हँडल ही नंतरची गोष्ट. मूळ गोष्ट पावलं वाचवायची होती.

आपणही पावलं मोजू या. पाणी, शेगडी आणि धान्य या तीन जागा एकमेकींपासून दोन-दोन, तीन-तीन पावलांवर असाव्यात. आपल्याकडं नळाला रोज पाणी नसतं, म्हणून पिंपाची जागा आधी ठरवा. पिंप सिंकच्या जवळ, खाली तोटी बसवलेलं आणि तोटीखाली कळशी मावेल एवढ्या उंच कट्ट्यावर. रोज वाकून तांब्या-तांब्यानं पाणी उपसणं वाचतं. ओट्याखालची बादली काढून सांडपाण्याला पाइप टाका आणि ते पाणी परसातल्या केळीला, आळूला जाऊ द्या.

कपाटं करायचीच असतील तर प्लायवूड घेताना त्यावरचा शिक्का वाचा. आयएस 710 म्हणजे पाण्याला टिकणारं. सिंकच्या आसपास तेच वापरा. भुशाच्या दाबलेल्या बोर्डाला ओल लागली की तो पावासारखा फुगतो. आणि एवढे पैसे नसतील तर कडप्प्याच्या फळ्या भिंतीत बसवून घ्या. वाळवी लागत नाही, ओल लागत नाही, पुसलं की स्वच्छ. समोर आपल्या जुन्या साडीचा पडदा लावा. आजीची मांडणी तरी दुसरं काय होती? सगळं समोर, हाताशी, आणि काय संपलंय ते लगेच दिसायचं.

उजेड हवा तो ओट्यावर. दिवा पाठीमागं असला की आपलीच सावली विळीवर पडते आणि बोट कापतं. 20 वॅटची एलईडी ट्यूब ओट्याच्या वर, समोरच्या भिंतीला लावा. खिडकी नसेल तर निदान धूर ओढून बाहेर टाकणारा पंखा बसवा. फोडणीचा खकाणा सगळ्यांत आधी आपल्याच छातीत जातो.

घरकुलवाल्या मैत्रिणींसाठी एक सांगतो. प्रधानमंत्री आवास योजनेतलं ग्रामीण घर किमान 25 चौरस मीटरचं, म्हणजे साधारण 269 चौरस फुटांचं असतं, आणि त्यात स्वच्छ स्वयंपाकाची जागा धरलेली आहे. ती उपकाराची नाही, योजनेतलीच आहे. नकाशा आखताना गवंड्यापाशी उभ्या राहा आणि ती जागा दाखवायला सांगा.

आता न्हाणी आणि संडास. इथं सजावट म्हणजे एकच, कुणी पडायचं नाही. फरशी खरखरीत घ्या. दुकानात गेल्यावर तिच्यावर पाणी ओतून ओल्या तळपायानं उभी राहून बघा, दुकानदाराला हसू द्या. उतार मोरीकडं आहे ना, ते फरशी बसतानाच तांब्याभर पाणी टाकून तपासा. बसण्याच्या जागेपाशी भिंतीत 33 ते 36 इंचांवर एक आडवा स्टीलचा दांडा बसवा. तो भिंतीत पक्का हवा. टॉवेल अडकवायचा दांडा माणसाचं वजन पेलत नाही. दार बाहेर उघडणारं असेल तर बरं, कारण आत माणूस पडलं आणि दार आत उघडणारं असलं, तर ते उघडतच नाही. आणि अंथरुणापासून न्हाणीपर्यंतच्या वाटेवर एक छोटा दिवा रात्रभर चालू ठेवा. अर्ध्या वॅटचा दिवा महिनाभर रोज दहा तास जळला तरी एक युनिटसुद्धा वीज लागत नाही.

आता झोपायची खोली. मोठा पलंग खोली अडवतो. पलंग घ्यायचाच तर खाली कप्पे असलेला घ्या, म्हणजे पाहुण्यांची अंथरुणं त्यात जातील. नाहीतर आपली घडवंची काय वाईट होती? दिवसा अंथरुणं तिच्यावर, खोली मोकळी. मुलांच्या अभ्यासाला खिडकीपाशी फळी लावा, उजेड डाव्या बाजूनं येईल अशी. मूल डावखुरं असेल तर उजव्या बाजूनं. खिडकीच्या गजांना, दारांना ऑइलपेंट लावताना डब्यावर शिसं नसल्याचं लिहिलंय का ते वाचा. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमपेक्षा जास्त नसावं असा नियम 2016 साली झालाय. लहान मुलं गज चाटतात, रंगाचे पापुद्रे तोंडात घालतात, म्हणून हे महत्त्वाचं.

आणि या खोलीत एक गोष्ट आम्ही हट्टानं करायला लावतो. कुलूपकिल्लीचा एक खण, फक्त तुमचा. कितीजणींची गटाची पासबुकं अजून डाळीच्या डब्यात आहेत! आधार कार्ड, पासबुक, मुलींचे दाखले, दोन दागिने, एखादं जुनं पत्र. एवढं ठेवायला घरात हक्काची जागा हवी. सुताराला तो खण करायला फार वेळ लागत नाही.

वर गच्चीवर चला. चैत्र-वैशाखात स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर आपल्याला भाजतो. त्यावर उन्हाळ्याआधी चुन्याची पांढरी सफेदी करा. पांढरा रंग ऊन परत फेकतो, खालची खोली कमी तापते. दरवर्षी करावी लागते, पण चुना स्वस्त आहे आणि कुंचा आपल्याच हातात आहे. गच्चीचं पाणी साठवत असाल तर पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी सोडून द्या.

आता हॉल. तो शेवटी आला म्हणून नाराज होऊ नका, त्याचीही हौस करू. पीओपी करण्याआधी उंची मोजा. दहा फुटांचा स्लॅब असेल तर पीओपीत सहा-आठ इंच जातात, त्याखाली पंख्याची दांडी येते. पंख्याची पाती जमिनीपासून निदान आठ फुटांवर राहिली पाहिजेत. स्लॅब नऊ फुटांचा असेल तर पीओपीचा नाद सोडा. त्या पैशात बीएलडीसी पंखा घ्या. जुना पंखा 70-75 वॅट खातो, हा 30-35 वॅटमध्ये तेवढाच वारा देतो.

भिंतींना फिका रंग द्या, खोली मोठी दिसते, दिवा कमी लागतो. एखादीच भिंत गडद करा. दुकानात जाण्याआधी क्षेत्रफळ काढा, म्हणजे कुणी जादा डबे गळ्यात मारणार नाही. दहा बाय बाराची खोली, उंची दहा फूट, तर चार भिंती 440 चौरस फूट. दारं-खिडक्यांचे 50 वजा करा, राहिले 390.

शहरात आता नीश म्हणून भिंतीत जो खोलगट चौकोन ठेवतात, तो आपला कोनाडा. सासऱ्यांच्या जुन्या घरात होते आणि नव्या बांधकामात आपण बुजवले, तेच. घर बांधतानाच एक-दोन ठेवा. पितळी समई, गडू, नाहीतर मुलीचं शाळेतलं बक्षीस तिथं ठेवा. भिंतीवर प्लॅस्टिकचं चित्र चिकटवण्यापेक्षा आपल्या धनगरवाड्यातली काळी घोंगडी आडवी टांगून बघा, शहरातले लोक पैसे मोजून तेच करतायत. खणाचे उरलेले तुकडे असतील तर उशांचे अभ्रे शिवा. जुन्या लुगड्यांची वाकळ दिवाणावर घाला. वारली चित्रं आवडत असतील तर स्टिकरऐवजी गेरूवर पांढऱ्या रंगानं स्वतः काढा. पालघर-डहाणूकडच्या वारली घरांत लग्नाचा चौक बायकाच काढत आल्या आहेत. रेघ वाकडी झाली तर होऊ द्या, आपल्या घराची आहे.

फरशी मात्र हॉलमध्येसुद्धा चकचकीत नको. मॅट घ्या. घरात म्हातारं माणूस आणि रांगतं मूल असताना आरसा पायाखाली कशाला?

जाता जाता दारावर थांबू. दारावर लाकडी पाटी, तिच्यावर दोघांची नावं, अशी आता फॅशन आलीय. फार छान फॅशन आहे. पण पाटी करायला टाकाल, त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीतही जा. तिथल्या मिळकतीच्या नोंदीत, म्हणजे नमुना नंबर 8 मध्ये, पती-पत्नी दोघांची नावं लावता येतात. त्यासाठी अर्ज द्यावा लागतो. उतारा हातात आला की तुमच्या खणात ठेवा.

हे सगळं एका वर्षात होत नाही, करूही नका. कर्ज काढून तर मुळीच नको. आम्ही गटात असा क्रम लावलाय. ज्यानं कुणी पडेल, भाजेल किंवा कुणाची कंबर मोडेल, ते आधी. ज्यानं पाणी आणि वीज वाचेल, ते नंतर. ज्यानं डोळ्यांना बरं वाटेल, ते त्यानंतर, आणि ते शक्यतो आपल्या हातानं.

आता आमच्या त्या मैत्रिणीचं सांगतो आणि थांबतो. हप्ते फेडून झाल्यावर तिनं पुन्हा कर्ज मागितलं, यावेळी थोडंसं. आम्ही टेप घेऊन गेलो. न्हाणीत खरखरीत फरशी झाली, दांडा बसला, वाटेवर दिवा आला. मग ओटा फोडायला घेतला. गवंडी म्हणाला, "वहिनी, ओटा सगळीकडं एवढाच असतोय." ती म्हणाली, "असंल की. पर मी एवढीच हाय."

ओटा चार इंच खाली आला. आता तिच्या सासूबाई दुपारी तिथंच खुर्ची टाकून लसूण सोलत बसतात, कारण घरात सगळ्यांत चांगला उजेड तिथं आहे. आणि तो जुना पाट? तिनं त्याला खाली चार चाकं लावून घेतली. त्यावर तुळशीची कुंडी ठेवलीय. ऊन फिरेल तशी ती ढकलते.

आज संध्याकाळी घरात टेप शोधा. नसला तर शिलाई मशीनच्या खणातली फीत चालेल. कोपराचं माप घ्या आणि कागदावर लिहून ठेवा. गटाच्या पुढच्या बैठकीला आणा, आपण एकमेकींचे कागद बघू.